आडवी रेघ

जुन्नर,
रविवार, ३ मार्च १९५७

प्रिय दिलशाद,

तुझं पत्र बुधवारी घोडेगावला शाळेच्या पत्त्यावर पोचलं. काल शनिवारी अर्धा दिवस शाळा करून एसटीने घरी आलो, अम्मा-अब्बांना ते वाचून दाखवलं, आणि आता ओट्यावर बसून उत्तर लिहितोय. कॉलेजच्या पूर्वपरीक्षेत फिजिक्सचे आठ मार्क उगाच गेले असं तू लिहिलंस. अम्माने दोनदा विचारलं, आठ म्हंजी लई का रं? मी म्हटलं, आठ म्हणजे आठ. रुमाल शाईने भरला म्हणून तिथे पुण्यात फुप्पी तुझ्यावर ओरडल्या, ते मात्र मी वाचता वाचता गाळलं. हे पत्र ज्या कागदावर आहे तो तू बोटांनी चाचपून पाहशील आणि चक्रावशील, हेही मला ठाऊक आहे. त्याचं कारण शेवटी येईल. आधी मास्तरकी करून घेतो. तीन वर्षं हातात खडू धरला की माणूस मुद्द्यावर लवकर येत नाही.

घरी सगळं ठीक आहे. गावात निवडणुकीची धामधूम आहे. ज्या लांब भिंतीवर आपल्या कारखान्याचे ओले कागद वाळायचे, तिच्यावर आता उमेदवारांचे कागद डकवलेत. अब्बा रोज सकाळी त्यातल्या एखाद्याचा कोपरा नखाने खरवडतात आणि म्हणतात, गिरनीचा हाय, एक पावसाळा काढायचा न्हाई. उमेदवारांबद्दल त्यांनी अजून काही मत दिलेलं नाही. अम्माचा गुडघा दुखतो, पण लेण्याद्रीच्या वाटेवरच्या बोरी पिकल्यात असं कळल्यावर परवा तीन मैल चालून आली. तेव्हा गुडघ्याची काळजी तू करू नकोस.

काळजी करायची ती एकाच गोष्टीची. अठरा तारखेला तुझी इंटर सायन्सची परीक्षा सुरू होते आणि रमजान लागायच्या आत संपते. मेडिकलला घ्यायचं की नाही ते या मार्कांवर ठरणार, आणि आपल्या घरात त्याहून जास्त काही ठरणार. फुप्पींनी त्यांच्या दिराच्या तय्यबसाठी तुला मागितलंय. अब्बांनी बहिणीला शब्द दिलाय तो तुझ्यासमोरच: पहिला वर्ग आला तर पोरगी डाक्तरीला जाईल आणि पाच वर्षं कुणी नाव काढायचं नाही, नाही आला तर निकालाच्या पाठोपाठ निकाह. तय्यब वाईट नाही. भवानी पेठेत घड्याळं दुरुस्त करतो, चहा पितो, कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. पण तू लहानपणी मेलेल्या बेडकाचं पोट बाभळीच्या काट्याने उघडून आत काय आहे ते अम्माला दाखवायला नेलं होतंस, आणि तुला काय व्हायचंय ते घराला त्याच दिवशी कळलं होतं. संधी एकदाच आहे. फुप्पी दुसऱ्या वर्षी तुला ठेवून घेणार नाहीत, आणि अब्बा दिलेला शब्द फिरवणार नाहीत.

तर पंधरा दिवस राहिले. या पंधरा दिवसांत नवं पुस्तक उघडू नकोस. कुणीतरी मुंबईच्या कुठल्या प्रोफेसरच्या नोट्स घेऊन येईल, त्या हातात धरू नकोस. जे येत नाही ते सकाळी कर, जे येतं ते संध्याकाळी. आपण सगळे याच्या उलट करतो, कारण येतं तेच परत परत करण्यात गोडी वाटते. मागच्या पाच वर्षांचे पेपर घे आणि तीन तास लावून सोडव, मध्ये उठू नकोस. फुप्पींच्या घरात घड्याळांना तोटा नाही. सोडवून झाला की चुका मोज आणि त्याच चुका दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडव. शेजारच्या मुलीचं ऑप्टिक्स तीनदा झालं, हे ऐकून तुझं एकदाही होत नसतं, तेव्हा ते ऐकायलाच जाऊ नकोस. वेळेवर झोप. हे सगळं मी माझ्या वर्गातल्या मुलांना सांगतो, ती मान डोलावतात आणि विसरतात. तू मान डोलावणाऱ्यातली नाहीस म्हणून लिहिण्यात अर्थ आहे.

आता अब्बांच्या पद्धतीबद्दल. तुझी आणि माझी सगळी तयारी त्या पद्धतीने झाली आणि तिच्याइतकी चांगली पद्धत मला नंतर कुठल्याही पुस्तकात दिसली नाही. तुला आठवत असेल, ओट्याच्या या कोपऱ्यातच आपण बसायचो. खळ लावून वाळवलेला, दगडाने घोटून गुळगुळीत केलेला आपला कागद, अम्माने पाडलेलं काजळ डिंकात खलून केलेली शाई, बोरू, आणि डाव्या हाताशी ओल्या फडक्याचा बोळा. उत्तर लिहायचं, अब्बांना दाखवायचं, आणि ते बोळा फिरवून सगळं पुसून टाकायचे. कागद पुन्हा कोरा. मग म्हणायचे, कागदावर व्हतं ते कागदाचं. आता ऱ्हायलं ते तुजं, लिव्ह. आपण पुन्हा लिहायचो. एकेका कागदावर पंधरा पंधरा वेळा लिहिलंय आपण. पाचव्या वेळेला रडू यायचं, आणि दहाव्या वेळेला उत्तर आपोआप हातातून उतरायचं.

गंमत अशी की अब्बांना अक्षर येत नाही. सात पिढ्या कागद करणाऱ्या घरातल्या या माणसाने जन्मात बोरू हातात धरलेला नव्हता. तरी तुझी एकही चूक त्यांच्या नजरेतून सुटली नाही. ते कागदाकडे बघायचेच नाहीत, बोरूकडे बघायचे. बोरू कुठे अडखळला ते बरोबर हेरायचे आणि म्हणायचे, हितं तुला ठावं न्हाई. मी एकदा हुशारी करून न येणाऱ्या उत्तरात न अडखळता काहीही लिहीत गेलो, तर म्हणाले, आज तू लई पळतोयस, काय चोरलंयस?

त्यांचा नियम एकच होता, आणि तो त्यांनी कधी सांगितला नाही कारण सांगायची वेळच आली नाही. आपल्या घरात कागदावर खाडाखोड होत नसे. चुकलं की बोळा घ्यायचा, पुसायचं, नीट लिहायचं. खोडलेला कागद त्यांना बघवत नसे. बाजारातून पुडी बांधून आलेल्या एखाद्या कागदावर कुणी काट मारलेली दिसली तरी तो उलटा करून ठेवत. गिरणीचा कागद तर उंबऱ्याच्या आत यायचाच नाही. माझ्या शाळेच्या वह्या ओट्यावरच्या पत्र्याच्या पेटीत असायच्या, तुझ्याही. त्यामुळे झालं असं की वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मी एकही ओळ खोडली नव्हती. शाळेत चुका झाल्याच नाहीत, आणि झाल्या त्या घरी ओल्या फडक्याखाली गेल्या. याचा तेव्हा मला अभिमान वाटायचा.

माझ्या इंटरची गोष्ट तुला घरच्या सगळ्यांइतकीच ठाऊक आहे. १९५३ साल. मला इंजिनिअरिंगला जायचं होतं. धरणं बांधायची होती, कुकडीवर एक तरी. तयारीच्या सुट्टीत मी घरी होतो. निघायच्या आदल्या दिवशी आपला गडी गेणू कामावर आला नाही म्हणून अब्बांनी मला लगदा धुवायला नदीवर नेलं, आणि सकाळच्या गार पाण्यात मी तासभर गुडघाभर उभा होतो. मग पुण्यात फिजिक्सच्या दिवशी मला ताप भरला, पेपर अर्धा राहिला, आणि पहिला वर्ग सहा मार्कांनी गेला. धरमचंदने येऊन घरी साक्षही दिली की हनीफचं अंग भाजत होतं. माणिकचंद शेठचा हा धरमचंद माझ्याच खोलीत राहायचा, परीक्षेत माझ्याच मागच्या बाकावर होता. त्याला फक्त पास व्हायचं होतं आणि तो झाला. आता दुकान बघतो, वजन वाढलंय.

त्यानंतरच्या दिवाळीत अब्बांनी कारखाना बंद केला. लगदा कुटायची ढेकी उभी करून ठेवली, हौद रिकामा केला. मोहल्ल्यात सगळे म्हणाले, वलीभाईंनी हात टेकले, गिरणीच्या कागदापुढे कोण टिकणार. तेही खरंच होतं. पण मी पाहत होतो की ते नदीवर जाईनासे झाले. कुणी तिकडचं नाव काढलं की उठून आत जायचे. एकदा अम्माजवळ बोलताना मी ऐकलं: पोराला पान्यात उबा केला म्यां. एक दिस गेणूची वाट बगितली असती तर काय बिगडलं असतं. मी भिंतीच्या अलीकडे उभा होतो. दोन पावलं टाकून आत जायचं होतं. गेलो नाही.

दिलशाद, मला ताप आला नव्हता. अंग भाजत नव्हतं. मी ठणठणीत होतो, आणि माझी तयारी इतकी झाली होती की पेपर हातात पडल्यावर मला हसू आलं होतं. तिसरा प्रश्न भिंगाच्या गणिताचा होता. दीड पान सोडवून झाल्यावर दिसलं की दुसऱ्याच ओळीत वजाऐवजी अधिक घेतलंय. एका चिन्हाची चूक. एक रेघ मारून खाली पुन्हा सोडवायला सात-आठ मिनिटं लागली असती. उकाडा होता, मी रुमाल पाण्यात भिजवून डाव्या हाताशी ठेवला होता. आणि माझ्या हाताने, मला न विचारता, तो रुमाल उचलला आणि पानावरून फिरवला.

गिरणीचा कागद, दौतीतली निळी शाई. काय झालं असेल ते तुला सांगायला नको. पान निळं झालं, शाई मागच्या बाजूला उतरली, तिथं सोडवलेला दुसरा प्रश्न गेला, आणि मी गडबडीने आणखी पुसायला गेलो तेव्हा पान मधोमध फाटलं. मी त्या भोकाकडे बघत बसलो. किती वेळ ते मला आजही सांगता येत नाही. धरमचंद म्हणतो, पाऊण तास. त्याने मागून बाकाला दोनदा पाय लावला. मग मी ते दोन प्रश्न पुन्हा लिहिले आणि शेवटच्या दोघांना हातही लागला नाही. बाहेर आल्यावर मी धरमचंदला म्हटलं, घरी सांगायचं ताप होता. त्याने का ते विचारलं नाही. जे फडकं फिरवायला अब्बांनी शिकवलं, त्यानेच माझा पेपर बुडाला, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होतो? मला वाटलं, ताप हे बरं कारण आहे, तापाचा दोष कुणाकडे जात नाही. नदीचं माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तोवर अब्बांनी तो दोष उचलून स्वतःकडे ठेवला होता, आणि मी तो तिथे चार वर्षं राहू दिला. हा भित्रेपणा होता. दुसरा शब्द शोधून पाहिला, नाही सापडला.

दोन वर्षांपूर्वी तू पुण्याला निघालीस तेव्हा तुझ्या ट्रंकेत घोटलेल्या कागदांचा गठ्ठा मीच भरला. तेव्हा तुला सांगायला हवं होतं. मनाला समजावलं की मुली नेटक्या असतात, सगळ्यांच्याच हातून असं थोडंच होतं. पहिल्या वर्षी निभावलंही. बुधवारी तुझ्या पत्रात रुमालाचं वाचलं. तू ते फुप्पींची गंमत म्हणून लिहिलंस: पूर्वपरीक्षेत एक पान जरा ओलं झालं, रुमाल निळा झाला, फुप्पी म्हणाल्या कपडे धुवायला जुन्नरहून बाई आणू का. मी शाळेत मधल्या सुट्टीत वाचत होतो. पुढचा तास मी घेतलाच नाही, मुलांना शुद्धलेखन दिलं. आठ मार्क कुठे गेले ते तुला कळलेलं नाही, मला कळलं.

काल घरी आलो तर अब्बा याच ओट्यावर बसून कागद घोटत होते. ढेकी बंद केली तेव्हाचे शेवटचे चोवीस ताव त्यांनी जपून ठेवले होते. धरमचंद मंगळवारी मालासाठी पुण्याला जातोय, त्याच्याबरोबर ते तुला पाठवायचे होते. पोरीची परीक्षा हाय, म्हणाले, चांगल्या कागदावर लिवू दे. दगडाचा आवाज तुला माहीत आहे. मी पत्र वाचून दाखवलं, चहा घेतला, आणि तो आवाज चालू असतानाच सगळं सांगून टाकलं. रुमाल, भोक, ताप, सगळं. दगड थांबला. त्यांनी एवढंच विचारलं, मंग पान्यानं न्हाई आला ताप? मी म्हटलं, ताप आलाच नव्हता अब्बा. ते म्हणाले, चार वर्सं, हनीफ. त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. मग त्यांनी चपला घातल्या आणि निघून गेले. अम्मा दारात येऊन उभी राहिली, तिनेही ऐकलं होतं. आम्हा दोघांना वाटलं, नदीकडे गेले.

ते धरमचंदच्या दुकानात गेले होते. परत आले तेव्हा काखेत गिरणीच्या कागदाचा दस्ता होता, आणि तो घेऊन ते उंबरा ओलांडून सरळ आत आले. तोच दस्ता धरमचंद तुला आणून देईल, त्यातलाच एक ताव घेऊन मी हे लिहितोय. घोटलेले चोवीस ताव घरीच राहतील, तू पास होऊन आलीस की त्यांचं काय करायचं ते ठरव. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी: आजपासून याच कागदावर, टाकाच्या शाईने, पेपर सोडव. रुमाल फुप्पींकडे दे, बोळा खिडकीबाहेर टाक, हाताशी काहीही ओलं ठेवू नकोस. चुकशील. चुकलीस की एक आडवी रेघ मार आणि खाली पुन्हा लिही. रोज निदान दहा ओळी खोड, हाताला सवय होईपर्यंत. वर माझ्या पत्रात चार ठिकाणी खोडलेलं दिसेल, ते मुद्दाम तसंच ठेवलंय. दस्त्यातला पहिला ताव मात्र कोरा नाही. अब्बांनी मला त्यावर तेच भिंगाचं गणित लिहायला लावलं, तसंच चुकवून. मग विचारलं, ह्यात चूक कुटं हाय? मी वजाच्या जागचं अधिक दाखवलं. एवडीच? एवढीच. त्यांनी माझ्या हातातून टाक घेतला, घोटायचा दगड धरतात तसा मुठीत धरला, आणि विचारलं, कुटनं कुटवर मारायची? मी बोटाने दाखवलं. तावावरची ती रेघ त्यांची आहे. बरीच वाकडी गेलीय आणि एका जागी शाई सांडलीय. तशी मारलीस तरी चालेल.

तुझाच,
हनीफभाई